टीव्ही झकास, पण नेट सारखं जातंय: केबल मोडेमची तपासणी कुठून सुरू करायची

‘नेट जातं आणि येतं’ ही एकच तक्रार मी कल्याण-डोंबिवलीच्या लाइनवर १६ वर्षं ऐकली. आता नव्या इमारतींत फायबर आलंय, तरी जुन्या सोसायट्यांमध्ये केबलच्या जाड काळ्या वायरीवरचं नेट अजून चालू आहे. अमेरिकेतल्या आपल्या माणसांकडे तर बऱ्याच घरांत हेच असतं. माझा भाचा न्यू जर्सीहून मोडेमच्या आकड्यांचे फोटो पाठवतो. त्याच्या घरचं दुखणं आणि आमच्या आयरे रोडच्या चाळीतलं दुखणं यांत मला काडीचा फरक दिसत नाही. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहितो. आधी फुकटातल्या तपासण्या, मग शे-दोनशे रुपयांच्या, आणि शेवटी जिथे तुम्ही हात लावायचा नाही ती जागा.

आधी वायर बघा. मोडेमच्या मागे पेन्सिलीएवढी जाड गोल वायर आणि पेचाने फिरवून बसवलेली धातूची टोपी असेल, तर हे लिखाण तुमच्यासाठी आहे. दोऱ्यासारखी बारीक वायर आणि हिरवी किंवा निळी प्लॅस्टिकची टोपी असेल तर ते फायबर. आठ तारांची, टेलिफोनच्या पिनेसारखी दिसणारी लॅन वायर थेट जिन्यातल्या डब्यातून येत असेल, तर ते तिसरंच प्रकरण. ‘केबलवाल्याचं नेट’ या एका नावाखाली आपल्याकडे तिन्ही चालतात, आणि तिघांची औषधं वेगळी आहेत.

लक्षणं

- मोडेमचा ‘ऑनलाइन’ दिवा अधूनमधून लुकलुकतो आणि काही मिनिटांनी आपोआप स्थिर होतो.
- त्याच वायरीवर टीव्ही असेल तर तो स्वच्छ दिसतो.
- डाउनलोड बरं असतं, पण व्हिडिओ कॉलवर तुमचा आवाज समोरच्याला तुटक जातो, फोटो वर चढता चढत नाहीत.
- मोडेम बंद-चालू केला की तासभर बरं चालतं, पुन्हा तेच.
- पाऊस सुरू झाला की बिघडतं. किंवा दुपारच्या उन्हात बिघडतं आणि रात्री गार झालं की सुधारतं.

दुसरं आणि तिसरं लक्षण एकत्र दिसलं तर माझी नजर सरळ वायरीच्या सांध्यांवर जाते. लोक म्हणतात, ‘टीव्ही तर झकास दिसतोय, म्हणजे वायर चांगली आहे.’ या एका समजुतीपायी चांगले मोडेम बदलले जातात. ती चूक का, हे कळायला या वायरीत काय चालतं ते थोडं समजून घ्यावं लागेल.

वायरीत काय चालतं

केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये सीएमटीएस नावाचं एक यंत्र असतं. ते तुमचा डेटा टीव्हीच्या चॅनेलसारख्याच चॅनेलवर चढवतं. एक चॅनेल ६ मेगाहर्ट्झ रुंद असतो, युरोपी पद्धतीत ८. त्यावर २५६-क्वॅम पद्धतीने माहिती भरली की ६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमधून साधारण ३८ मेगाबिट आणि ८ च्या चॅनेलमधून साधारण ५० मेगाबिट दर सेकंदाला खरोखर वापरता येतात. ही सगळी भाषा ठरवणाऱ्या नियमावलीला डॉक्सिस म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९७ ची. २००६ च्या ३.० आवृत्तीपासून एकच मोडेम अनेक चॅनेल जोडून वापरू शकतो, म्हणून वेग वाढला. कंट्रोल रूमपासून तुमच्या वस्तीतल्या नोडपर्यंत हे सगळं फायबरवर प्रकाशाच्या रूपात येतं. नोडमध्ये त्याचं पुन्हा विजेच्या लहरींत रूपांतर होतं, आणि तिथून ॲम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारा डबा), टॅप (मुख्य वायरीतून घराघरांच्या वायरी जिथे फुटतात तो डबा) आणि शेवटी तुमच्या घरची वायर.

खाली येणारी वाट रुंद आहे. नेटचे आणि टीव्हीचे चॅनेल बहुतेक १०० मेगाहर्ट्झच्या वर, ८०० पलीकडेपर्यंत पसरलेले असतात. वर जाणारी वाट मात्र तळाच्या अरुंद पट्टीत कोंबलेली आहे: नेहमीच्या मांडणीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, युरोपी पद्धतीत ५ ते ६५. रेडिओचे शॉर्टवेव्ह, मोटारींच्या ठिणग्या, स्वस्त चार्जर, खराब एलईडी दिव्यांची कुरकुर, सगळं याच पट्टीत येतं. आणि नोडवरच्या सगळ्या घरांचा परतीचा आवाज एका जागी गोळा होतो, जसं प्रत्येक घरचं सांडपाणी एकाच नाल्याला मिळतं.

आता टीव्हीचं कोडं. कनेक्टरमधली, म्हणजे त्या पेचाच्या धातूच्या टोपीतली, मधली तार काळी पडली किंवा नीट टेकत नसेल, तर तिथे केसाएवढी फट राहते. वरच्या फ्रीक्वेन्सी ही फट ओलांडून जातात, कारण त्यांच्यासाठी ती फट एखाद्या छोट्या कपॅसिटरसारखी वागते. खालच्या फ्रीक्वेन्सी मात्र तिथेच अडकतात. टीव्ही वरच्या पट्टीत आहे, तो पार होतो. तुमचा मोडेम कंट्रोल रूमला जे सांगतो ते खालच्या पट्टीत आहे, ते पोचत नाही. मोडेमला सगळं ऐकू येतं, पण त्याचं कुणाला ऐकू जात नाही.

मोडेमला मनाला येईल तेव्हा बोलताही येत नाही. सीएमटीएस प्रत्येकाला वेळेचा तुकडा वाटून देतं आणि निदान दर ३० सेकंदांत एकदा हजेरी घेतं: ‘आहेस का? थोडं मोठ्याने बोल, थोडं आधी बोल.’ मोडेमच्या हाकेला उत्तर आलं नाही की तो आपल्या नोंदवहीत ‘टी-३’ लिहितो आणि आवाज वाढवून पुन्हा हाक मारतो. अशा १६ हाका ओळीने वाया गेल्या की तो ती वाट सोडतो आणि जोडणी नव्याने सुरू करतो. हजेरीची संधीच आली नाही तर ‘टी-४’. तुम्हाला दिसतो तो फक्त लुकलुकणारा दिवा.

१. वहीत वेळ लिहा (खर्च शून्य)

तीन-चार दिवस नेट गेलं की वेळ, हवामान आणि घरात-इमारतीत त्या क्षणी काय चालू होतं ते लिहा. लोक याला कंटाळतात, पण मला घरी बोलावणाऱ्यांपैकी ज्यांनी हे लिहून ठेवलं त्यांचं काम निम्म्या वेळात झालं.

पावसात किंवा पाऊस पडून गेल्यावर जात असेल तर कुठेतरी पाणी शिरलंय. दुपारी १२ ते ४ मध्ये जात असेल तर उन्हाने वायर आणि सांधे ताणले जातायत, नाहीतर गच्चीवरचा ॲम्प्लिफायर तापतोय. ठरावीक यंत्र चालू झालं की जात असेल तर आवाजाची घुसखोरी आहे. शेजारच्या इमारतीची वीज गेली की तुमचं नेट जात असेल, तर तुमच्या वाटेवरचा ॲम्प्लिफायर त्या इमारतीच्या मीटरवर आहे. हे आमच्या भागात सर्रास असतं, आणि याला तुमच्या घरात उपाय नाही.

फक्त रात्री ८ ते ११ मध्ये वेग पडत असेल, पण दिवा स्थिर असेल आणि जोडणी तुटत नसेल, तर बिघाड शोधत बसू नका. एका नोडवरची सगळी घरं तेच चॅनेल वाटून घेतात, आणि त्या वेळी सगळेच पाहत असतात. उपाय केबलवाल्याकडे आहे: नोडचे दोन भाग करणे किंवा चॅनेल वाढवणे. तुम्ही कितीही कनेक्टर बदलले तरी उपयोग नाही.

२. वायफाय की लाइन? (खर्च शून्य)

लॅपटॉप लॅनच्या वायरीने थेट मोडेमला जोडा, मध्ये राउटर नको. जोडल्यावर मोडेम एकदा बंद-चालू करा. बरेच मोडेम आधी जोडलेल्या यंत्राचीच ओळख धरून बसतात आणि नव्याला नेट देत नाहीत. मग लोकांना वाटतं की वायरीनेही चालत नाही.

आता निदान तासभर वापरा. वायरीवर नेट न तुटता चाललं तर दोष वायफायचा किंवा राउटरचा. राउटरची जागा बदला, चॅनेल बदला, आणि इथेच थांबा. नेट वायरीवरही जात असेल आणि त्याच क्षणी ऑनलाइन दिवाही हलत असेल, तर पुढे चला.

३. मोडेम स्वतः काय सांगतोय ते वाचा (खर्च शून्य)

मोडेमला जोडलेल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाका (आकडे इंग्रजी कळांनी). बहुतेक केबल मोडेम या पत्त्यावर स्वतःचं पान दाखवतात. काही कंपन्या ते बंद ठेवतात. तसं असेल तर फोन करून कंट्रोल रूमला तेच आकडे विचारा, त्यांच्या पडद्यावर ते दिसतात.

तीन आकडे आणि एक नोंदवही पाहायची.

खाली येणारी पातळी, म्हणजे डाउनस्ट्रीम पॉवर, डीबीएमव्ही या सिग्नलच्या मापात असते. नियमावली उणे १५ ते अधिक १५ पर्यंत चालवून घेते. मला ती उणे ७ ते अधिक ७ मध्ये दिसली की बरं वाटतं. खूप जास्त असणंही वाईट. कानाशी ओरडलं तर शब्द कळत नाहीत, तसंच.

सिग्नल आणि खरखर यांचं गुणोत्तर, एसएनआर. २५६-क्वॅमसाठी ३३ डीबीच्या वर हवं. ३० च्या खाली गेलं की चुका वाढतात.

वर जाणारी पातळी, म्हणजे अपस्ट्रीम पॉवर. लोक हा आकडा पाहतच नाहीत, आणि मी आधी तोच पाहतो. हा मोडेम किती मोठ्याने ओरडतोय त्याचा आकडा आहे. ३५ ते ४८ मध्ये असेल तर ठीक. ५० च्या पुढे गेला की मोडेमचा घसा सुकत आलाय असं समजा. वाटेत कुठेतरी आवाज खाल्ला जातोय आणि त्याच्याकडे आता वाढवायला फारसं उरलेलं नाही. पातळी इथे टेकली की पावसाची एक सर किंवा उन्हाचा एक तास पुरतो, आणि नेट तुटतं.

नोंदवहीत टी-३, टी-४ किती आणि कधी आले ते तुमच्या वहीतल्या वेळांशी ताडून पाहा. महिन्यातून एखादा टी-३ कुणालाही येतो. तासाला दहा येत असतील तर दुखणं परतीच्या वाटेवर आहे.

या पानाचा फोटो आताच काढून ठेवा. पुढची प्रत्येक तपासणी झाली की पान पुन्हा उघडायचं आणि आकडा हलला का ते पाहायचं. नेट ‘आता बरं वाटतंय’ यावर विसंबू नका. बंद-चालू केल्यानेही तासभर बरं वाटतं.

४. ॲडॅप्टर आणि गरमी (शून्य ते ३०० रुपये)

मोडेमचे सगळेच दिवे एकदम विझून पुन्हा पहिल्यापासून लागत असतील, तर तो वीज तुटल्याने बंद होतोय. ॲडॅप्टरची पिन ढिली आहे का, तो हात लावता येणार नाही इतका तापतोय का, ते बघा. नवा घेताना जुन्यावर लिहिलेला व्होल्टेज तोच हवा आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. मोडेम टीव्हीच्या मागे, सेट-टॉप बॉक्सवर ठेवला असेल तर तिथून काढा.

५. सांधे (शून्य ते १०० रुपये)

मी घरात सोडवलेल्या तक्रारी बहुतेक इथेच सुटल्या, म्हणून इथे घाई करू नका.

मोडेमच्या मागची टोपी हाताने फिरवून बघा. सैल निघाली तर बोटांनी पूर्ण बसवा, आणि मग ११ च्या पान्याने अगदी थोडं, पाव वेढ्याहून कमी. जास्त जोर लावलात तर मोडेमच्या आतली पट्टी तडकते, आणि मग खरंच मोडेम बदलावा लागतो. भिंतीवरच्या पेटीतला सांधा आणि स्प्लिटरवरचा (एका वायरीच्या दोन-चार वायरी करणारी डबी) प्रत्येक सांधा असाच तपासा.

आता टोपी पूर्ण काढून समोरून बघा. मधली तार सरळ आणि चकचकीत हवी, टोपीच्या कडेपासून साधारण ३ मिलिमीटर बाहेर आलेली. आखूड असेल तर ती आत नीट पकडली जात नाही, आणि मघाशी सांगितलेली ती फट तयार होते. भोवतालच्या जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. तार काळपट किंवा हिरवट दिसली तर घासून पुन्हा बसवू नका. ही तार बहुतेक लोखंडाची असते आणि तिच्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो. एवढ्या वरच्या फ्रीक्वेन्सीला वीज तारेच्या फक्त कातडीतून वाहते, म्हणून तो मुलामा हीच खरी वायर. मुलामा गेला की आतलं लोखंड उरतं, आणि ते गंजतं. तेवढा तुकडा कापायचा आणि नवा कनेक्टर बसवायचा.

कनेक्टर दाबून बसवायचा, म्हणजे कॉम्प्रेशनचा घ्या. हाताने पिळून बसवायचे स्वस्त कनेक्टर मी टीव्हीसाठीही वापरत नाही. ते बसवायचं हत्यार तुमच्याकडे नसेल तर केबलवाल्याच्या मुलाला बोलवा, पाच मिनिटांचं काम आहे.

एका घराची गोष्ट सांगतो. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या, मुलगी घरून काम करायची. जून लागला की त्यांची तक्रार यायचीच. मी चौथ्यांदा गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, “अहो दादा, तीनदा मोडेम बदललात. आता काय बदलणार?” त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी मोडेमला हात न लावता खिडकीशी गेलो. वायर गच्चीवरून खाली येत होती आणि वरच्या मजल्याच्या ग्रिलवर घासत होती. तिथे बोटभर सालपट निघालं होतं. त्या जखमेतून पाणी आत शिरायचं, जाळीतून उतरत उतरत खाली यायचं. घरातला भिंतीवरचा कनेक्टर सोडवला तर माझ्या तळहातावर गढूळ पाण्याचे दोन थेंब पडले. आत जाळीचं काळं चूर्ण झालं होतं. गच्चीपासून नवी वायर टाकली. अपस्ट्रीम ५३ वरून ४२ वर आला. त्यानंतर त्या घरातून पावसाळ्यात मला फोन आला नाही. तीन चांगले मोडेम मात्र मीच परत नेले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

वायर बाहेरून खिडकीच्या भोकात शिरते तिथे तिला खाली एक झोल द्या. पागोळीचं पाणी त्या झोलाच्या तळाशी येऊन ठिबकून जातं. झोल नसेल तर ते वायरीवरून सरळ घरात येतं. बाहेरच्या सांध्यावर साधी इन्सुलेशन टेप गुंडाळू नका. उन्हात तिचा गोंद वितळतो, ती सुटते आणि आत पाणी धरून ठेवते. स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबराची टेप मिळते, ती खालून वर गुंडाळत न्या.

६. स्प्लिटर आणि बूस्टर (५० ते २०० रुपये)

दोन तोंडांचा स्प्लिटर सिग्नलचे दोन वाटे करतो, म्हणून प्रत्येक वाट्याला साधारण ३.५ डीबी घट येते. चार तोंडांच्यात साधारण ७. ही घट दोन्ही दिशांना लागते. मोडेमला तेवढं कमी ऐकू येतं आणि तेवढंच जास्त ओरडावं लागतं. घरात एकामागोमाग एक दोन स्प्लिटर असतील, एक रंगकामाच्या वेळी लावलेला आणि एक दुसऱ्या टीव्हीसाठी, तर हिशेब तुम्हीच करा.

तपासणी सोपी आहे. स्प्लिटर काढा, आत येणारी वायर जोडणीच्या तुकड्याने थेट मोडेमला लावा आणि आकडे बघा. अपस्ट्रीम ५१ वरून ४७ वर आला आणि दिवसभर नेट टिकलं, तर उत्तर मिळालं. मग पहिल्याच जागी चांगला दोन तोंडांचा स्प्लिटर लावा, एक तोंड फक्त मोडेमला द्या, आणि टीव्हींची विभागणी दुसऱ्या तोंडापुढे करा.

स्प्लिटरवर छापलेले आकडे वाचा. ‘५ ते १००० मेगाहर्ट्झ’ लिहिलेलं हवं. ‘९५० ते २१५०’ किंवा ‘२४००’ असेल तर तो छतावरच्या डिशचा आहे. ५ मेगाहर्ट्झ हे त्याच्या कामाचं क्षेत्रच नाही. दिसायला दोन्ही सारखेच, इलेक्ट्रिकच्या दुकानात एकाच बरणीत पडलेले असतात. ठाकुर्लीच्या एका घरात मी या बरणीतल्या चुकीपायी दोन संध्याकाळी घालवल्या आहेत.

टीव्हीचा बूस्टर मोडेमच्या वाटेत असेल तर काढून टाका. साधा बूस्टर एकाच दिशेने काम करतो: खाली येणारं वाढवतो आणि वर जाणारं अडवतो. मोडेमचा सिग्नल कमी आहे म्हणून बूस्टर लावणं हा उपाय नाही.

स्प्लिटरच्या मोकळ्या तोंडांवर ७५ ओमची टोपी लावा. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, पण तिच्याशिवाय उघडं तोंड बाहेरचा आवाज आत ओढतं. एका सोसायटीत लिफ्ट हलली की अख्ख्या इमारतीचं नेट अडखळायचं. आम्ही टॅपवरून एकेक घर सोडवत गेलो. तळमजल्याचं एक रिकामं घर सोडवलं आणि खरखर थांबली. भाडेकरू जाताना वायर कापून गेला होता. तिचं उघडं टोक लिफ्टच्या विजेच्या पट्टीला लागून लोंबत होतं आणि एखाद्या एरियलसारखं काम करत होतं. त्या घरात कुणी राहत नव्हतं, तरी २२ घरांना त्याचा ताप होत होता. म्हणून तुमचे आकडे चांगले असूनही नेट तुटत असेल, तर शेजाऱ्यांना विचारा. त्यांचंही त्याच मिनिटाला जात असेल तर तुमच्या घरात शोधण्यात अर्थ नाही.

७. वायरीची जात आणि लांबी

वायरीच्या सालीवर आरजी-६ लिहिलेलं आहे का बघा. जुन्या घरांत अजून बारीक आरजी-५९ सापडते. ती वरच्या फ्रीक्वेन्सी जास्त खाते. आरजी-६ सुद्धा ७५० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण १८ ते १९ डीबी खाते. दिवाणखान्यातून वळसे घालत आतल्या खोलीत नेलेली ३० मीटर वायर म्हणजे ५-६ डीबी गेले. मोडेम वायर घरात शिरते तिथे ठेवा आणि पुढे लॅनची वायर न्या. लॅनच्या वायरीला १०० मीटरपर्यंत काही फरक पडत नाही.

दाराच्या फटीत चेपलेली, खिळ्याने भोक पडलेली, उंदराने कुरतडलेली वायर जोडून वापरू नका, पूर्ण बदला. बाजारात आरजी-६ महाग नाही. महाग पडतात ते तिच्यापायी घालवलेले दिवस.

८. मोडेम बदलून बघणे

हे शेवटी. वरचं सगळं झालं, आकडे चांगले आहेत, शेजाऱ्यांचं नेट टिकतंय आणि फक्त तुमचंच जातंय, तर मोडेमवर संशय घ्या. शेजाऱ्याचा मोडेम आणून लावू नका. प्रत्येक मोडेमची ओळख कंट्रोल रूममध्ये नोंदलेली असते. केबलवाल्याला सांगून चालू असलेला मोडेम दोन दिवसांसाठी मागा.

इथे थांबा, माणूस बोलवा

वायरीच्या धातूला किंवा कनेक्टरला हात लागून मुंग्या आल्या, झटका बसला, तर लगेच सोडा. पुन्हा ‘खरंच का’ म्हणून हात लावू नका. कुठल्या तरी घरातल्या उपकरणाची किंवा ॲम्प्लिफायरची वीज वायरीच्या जाळीत उतरलेली असते. आधी इलेक्ट्रिशियन, मग केबलवाला. मोडेमचा प्लग काढून ठेवा आणि मुलांना त्या भिंतीपासून दूर ठेवा.

जिन्यातला टॅप, गच्चीवरचा ॲम्प्लिफायर, खांबावरचा नोड यांपैकी काहीही उघडू नका. मुख्य वायरीतून ॲम्प्लिफायरसाठी ६० ते ९० व्होल्टपर्यंत वीज सोडलेली असू शकते. शिवाय तिथला एक पेच हलवला की अख्ख्या गल्लीची पातळी बिघडते. गच्चीच्या कठड्यावरून वाकून, सज्जावर उतरून वायर ओढू नका. पावसात तर मुळीच नको. विजांच्या पावसाची चिन्हं दिसली तर मोडेमची वीज आणि काळी वायर दोन्ही काढा, पण गडगडाट सुरू होण्याआधी. सुरू झाल्यावर वायरीला हात नको.

आणि साधा नियम: घरातले सांधे तपासले, स्प्लिटर काढून पाहिला, मोडेम थेट आत येणाऱ्या वायरीला लावला, तरी अपस्ट्रीम ५० च्या वर किंवा एसएनआर ३० च्या खाली असेल, तर दोष तुमच्या दाराबाहेर आहे. आता लेव्हल मीटर असलेला माणूस हवा.

फोन करताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलंत तर समोरून ‘मोडेम बंद करून चालू करा’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी असं सांगा: “मोडेम थेट लाइनवर आहे, स्प्लिटर नाही. अपस्ट्रीम ५२ आहे, काल संध्याकाळी ६ ते ७ मध्ये टी-३ चौदा वेळा आले, पाऊस चालू होता. शेजारच्या दोन घरांचंही तेव्हाच गेलं.” तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. माणूस येईल तेव्हा त्याला वही आणि सुरुवातीला काढलेला फोटो दाखवा, आणि टॅपवरची पातळी मोजायला सांगा. टॅपवर चांगली आणि घरात वाईट असेल तर मधली वायर बदलायची. टॅपवरच वाईट असेल तर काम त्यांच्या लाइनवर आहे, आणि तुमच्या घरातलं काही बदलायचे पैसे देऊ नका.

काम झाल्यावर तो निघायच्या आधी १९२.१६८.१००.१ पुन्हा उघडा, नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा, आणि पुढचा जोरदार पाऊस पडून जाईपर्यंत ती वही टाकू नका.